पंपाचं कोणाले सांगू नको

आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना कापूस सोसायचा. अकोल्यात आमचं गाद्या-रजयांचं दुकान होतं, म्हणजे पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. अब्बा पिंजारी. थंडी सुरू व्हायच्या आधी आणि लग्नसराईत आसपासच्या खेड्यांतून लोक जुन्या गाद्या घेऊन यायचे. अब्बा त्या उसवून कापूस पिंजायचे. अम्मी आणि माझी मोठी बहीण रेहाना आपा खोळ शिवून टाके घालायच्या. पिंजणाची तात, म्हणजे धनुकलीला ताणलेली दोरी, लाकडी ठोकळ्याने छेडली की जो आवाज निघतो तो ज्याने ऐकला नसेल त्याला सांगता येणार नाही. त्या आवाजाने भांडी हलकेच थरथरायची आणि आमच्याकडे कुणाला तो ऐकूही यायचा नाही, इतका तो रोजचा होता. दुपारी जेवायला बसताना अब्बांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आपा आणि मी दोन बाजूंनी बसून त्यांच्या दाढीतला कापूस वेचायचो. अब्बा मान पुढे करून, डोळे मिटून बसायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा आणि त्यांना, मला वाटतं, दिवसभरातला तेवढाच आराम.

सहाव्या-सातव्या वर्षी माझी छाती वाजायला लागली. आधी थंडीत, मग बारमाही. अडुळशाचा काढा झाला, छातीला कापराचं तेल झालं, गळ्यात ताईत झाला, ओव्याची धुरी झाली. धुरीने मी जास्तच गुदमरायचे, पण ते सांगायलाही श्वास लागतो. शेवटी एका डॉक्टरांनी घर कुठे, बाप काय करतो, एवढं विचारलं आणि गोळ्यांच्या चिठ्ठीवर काही न लिहिता अम्मीला म्हणाले की या मुलीला कापसातून बाहेर काढा. अम्मी घरी येऊन चुलीपुढे बसली ती उठेचना. कापसातून बाहेर म्हणजे घरातून बाहेर, हे तिला दवाखान्याच्या पायरीवरच कळलं होतं. मला ते आठ दिवसांनी कळलं, माझे कपडे पिशवीत भरलेले पाहून.

मी नऊ वर्षांची असताना अमरावतीला जुबेदाखालाकडे राहायला गेले. खाला म्हणजे अम्मीची थोरली बहीण. ती विधवा होती, एका उर्दू प्राथमिक शाळेत शिकवायची आणि दोन खोल्यांत एकटी राहायची. तिने माझ्यासाठी घरातली एकुलती एक गादी शेजारी देऊन टाकली आणि उशीही. आम्ही दोघी चटईवर धुतलेली सतरंजी टाकून झोपायचो. सकाळ-संध्याकाळ ती ओल्या फडक्याने फरशी, खिडक्यांचे गज, माझ्या पुस्तकांचे पुठ्ठे पुसायची. खाला वाईट नव्हती, हे मी आज ठामपणे सांगते. तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. तिला बोलायची सवय राहिली नव्हती इतकंच. संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागायच्या, त्या संपल्या की ती बटण फिरवायची आणि घर गप्प व्हायचं. मी अकोल्याचा आवाज आठवायचा प्रयत्न करायचे. पहिल्या वर्षी तो नीट आठवायचा. दुसऱ्या वर्षी आठवायला वेळ लागायला लागला.

घराजवळची शाळा मराठी होती, म्हणून मी मराठी शाळेत गेले. माझ्या मराठीत लिहिण्याचं लोक कौतुक करतात तेव्हा त्यांना काय सांगावं, ती शाळा खालाच्या घरापासून सगळ्यात जवळ होती आणि मला दूर चालवत नव्हतं. खेळाच्या तासाला मी वर्गात बसून बाकीच्यांच्या पिशव्या सांभाळायचे. खाण्याचंही तसंच. दही नाही, केळं नाही, चिंच नाही, काहीही थंड किंवा आंबट नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, फार झालं तर बुधवारी बेसनाच्या पातोडीचा रस्सा. हिवाळ्यात शेंदूरजनाघाटची संत्री यायला लागली की अमरावतीच्या रस्त्याकडेला त्यांचे ढीग लागायचे, मधल्या सुट्टीत वर्गातल्या मुली सालं एकमेकींच्या डोळ्यांत पिळायच्या, आणि मी आपली हातावर वास घेऊन बसायचे. संत्र्याने दमा वाढत नाही हे मला एका डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दिवशी मी एका बैठकीत अकरा खाल्ली आणि एकही गोड लागलं नाही.

अम्मी महिन्यातून एकदा एसटीने यायची. ती आली की मी दारात उभी असायचे आणि ती मला हात लावायची नाही. तशीच न्हाणीघरात जायची, डोक्यावरून अंघोळ करायची, खालाचे धुतलेले कपडे घालायची, आणि ओले केस पाठीवर सोडून बाहेर आली की मग मला जवळ घ्यायची. तोवर मी न्हाणीच्या दाराबाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत असायचे. तिच्या अंगाला खालाच्या साबणाचा वास यायचा. आपली आई जवळ घेते तेव्हा तिच्या अंगाला दुसऱ्या घराचा वास यावा, हे मला फार लागायचं, पण बोलणार कुणाशी.

अब्बा तर येतच नसत. तीन वर्षांत दोनदा आले, तेही गल्लीत उभे राहिले. मी दारात, ते समोरच्या भिंतीशी. जेवली का, अभ्यास करते का, असं लांबूनच विचारलं आणि गेले. त्यांच्या कातडीतच कापूस मुरलाय, अंघोळीने निघणारा नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मला मात्र वाटायचं की आजारी पोरीला घरातून काढून टाकलं आणि आता तिचं तोंड पाहायलाही ते येत नाहीत.

अमरावतीला आल्यावर दुसऱ्याच वर्षी पंप आला. माझा एक झटका तीन दिवस उतरेना तेव्हा खाला मला एका मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी तो छोटा, बोटभर उंचीचा पंप दाखवला आणि म्हणाले की लहान मुलांना तो दाबणं आणि श्वास ओढणं एकाच वेळी जमत नाही, औषध जिभेवरच राहतं. म्हणून त्यांनी प्लास्टिकची एक रिकामी बाटली घेतली, तिच्या बुडाला तापलेल्या सळईने भोक पाडलं आणि त्यात पंपाचं तोंड घट्ट बसवलं. बाटलीचं तोंड माझ्या तोंडात. पंप एकदा दाबायचा, मी सावकाश पाच-सहा श्वास घ्यायचे, थोडं थांबून परत. मला आठवतं, पाच मिनिटांत माझी छाती सैल झाली, हात कापायला लागले, काळीज धडधडायला लागलं आणि मी खालाला म्हटलं, मला भूक लागली. खाला रस्त्याने रडत आली. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

पण घरी आल्यावर तिने पंप आणि बाटली फडक्यात गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवली आणि पेटीला कडी घातली. त्या काळी आमच्याकडे सगळ्यांचं म्हणणं असं, की पंप हा शेवटचा इलाज. एकदा तोंडाला लागला की सुटत नाही, मग दुसरं औषध लागू पडत नाही. आणि पंपवाल्या पोरीला मागणी कोण घालणार. अब्बांचं तर फारच ठाम मत होतं. त्यांच्या ओळखीचा कुणीतरी पंप घेत असतानाच गेला होता, आणि पंपानेच गेला असं ते धरून चालले होते. म्हणून अम्मी आणि खालाने ठरवलं की त्यांना कळू द्यायचं नाही. मला ताकीद मिळाली. शाळेत नाही, शेजारी नाही, अब्बांना तर नाहीच.

"पंपाचं कोणाले सांगू नको," अम्मी ओले केस पुसता पुसता म्हणाली, "तुह्या भल्यासाठीच सांगून राहिली."

आता माझ्या शेजारच्या घरी पाच वर्षांची एक मुलगी आहे. तिच्या बाटलीवर जिराफाचं चित्र आहे, तिला तोंडावर बसणारा मऊ मास्क आहे, आणि झटका आला की ती स्वतःच व्हरांड्यात येऊन मला म्हणते, आजी, तुम्ही पण घ्या ना माझ्यासोबत. आम्ही दोघी आपापले पंप घेऊन पायरीवर बसतो. येणारे-जाणारे पाहतात आणि पुढे जातात. मला अजूनही दर वेळी मागे वळून पाहायचा मोह होतो, कुणी आहे का म्हणून.

मी बारा वर्षांची असताना रेहाना आपाचं लग्न ठरलं. अम्मीने येऊन सांगितलं तेव्हाच हेही सांगितलं की तू येऊ नको. घरात आपाच्या रुखवताच्या गाद्या भरणं चालू आहे, पाच गाद्या, सहा रजया, पाय ठेवायला जागा नाही, सगळा कापूस. लग्न झालं की आपा आणि नवरदेव तुला भेटायला येतील. मी बरं म्हटलं. अम्मीला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

लग्नाच्या आठ दिवस आधी मी शाळेचा गणवेश घालून, दप्तर घेऊन निघाले आणि शाळेत न जाता स्टँडवर गेले. कंडक्टरने विचारलं सोबत कोण आहे, तर मी पुढच्या सीटवरच्या एका बाईकडे बोट दाखवलं. पंप पेटीत होता. पेटीची कडी मला काढता येत होती आणि खाला तिच्या शाळेत गेलेली होती, म्हणजे तो घेता आला असता. मी घेतला नाही. विसरले असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं होतं. मला एक दिवस पंप नसलेल्या मुलीसारखं घरी जायचं होतं. बडनेरा गेलं, मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी बराच वेळ थांबली, खिडकीबाहेर कुणी भाजलेल्या शेंगा विकत होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की छातीत थोडं आवळतंय याकडे मी लक्षच दिलं नाही.

गल्लीच्या तोंडाशीच मला पिंजणाचा आवाज आला. तीन वर्षांनी. दुकानाची एक फळी उघडी होती आणि आत अब्बा एकटेच पिंजत बसले होते, तोंडाला फडकं बांधून. अम्मी आणि आपा कुठेतरी लग्नाच्या कामाला गेलेल्या. ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात कापूस खालीवर होत होता. ते मला पाहत नव्हते, मी पाहत होते. मग त्यांनी पिंजण थांबवलं, फडकं खाली ओढलं आणि खोकायला लागले. भिंतीला हात टेकून, गुडघ्यावर दुसरा हात ठेवून, वाकून, खूप वेळ. खोकला थांबल्यावरही ते तसेच उभे राहिले, खांदे वर ओढून. तसे खांदे फक्त माझेच होतात असं मला तोवर वाटत होतं.

त्यांनी मान वर केली आणि त्यांना मी दिसले.

"बाहीर जाय," ते म्हणाले. "शमीम, आत येऊ नको. बाहीर जाय पयले."

तीन वर्षांनी घरी आलेल्या पोरीशी बापाने पहिला शब्द काढला तो हा. मी धावत आत गेले आणि त्यांच्या पोटाला मिठी मारली, बनियनमध्ये, कापसामध्ये तोंड खुपसलं आणि जोरात रडले. रडताना माणूस किती खोल श्वास ओढतं. त्यांनी मला उचलून बाहेर ओट्यावर आणेपर्यंत माझ्या छातीत शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. मी दोन्ही हात ओट्याच्या कडेला टेकून बसले. त्यांनी पाणी आणलं, पाठ चोळली, ताईत कुठे गेला विचारलं. माझं एक वाक्य एका श्वासात होईना. शेवटी मी ते सांगितलं, एकेक शब्द तोडून. मी. पंप. घेते.

त्यांच्या तोंडाकडे मला पाहवेना.

"कुठं हाय तो?" त्यांनी विचारलं.

"अमरावतीले."

मग त्यांनी मला खांद्यावर टाकलं आणि तसेच, अनवाणी, रस्त्यावर धावले. ऑटो मिळाला तो बऱ्याच पुढे. ऑटोत माझे ओठ सुन्न झाले. खडबडीत रस्त्याचा आवाज लांबून आल्यासारखा येत होता. छातीतल्या शिट्ट्या कमी कमी होत गेल्या आणि मग बंदच झाल्या, आणि मला आठवतं, अब्बांनी मोठा श्वास सोडून माझ्या केसांवरून हात फिरवला. त्यांना वाटलं, उतरला. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. अब्बा धापा टाकत त्यांना म्हणाले, "आता आवाज बंद झाला, बाई. बरं वाटून राह्यलं तिले."

बाईंनी माझ्या छातीला नळी लावली, दोन ठिकाणी, आणि नर्सला हाक मारली. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण नर्स पळत आली. हवाच आत जात नाही तेव्हा आवाजही येत नाही, हे त्यांनी अब्बांना नंतर समजावून सांगितलं. तेव्हा सांगायला वेळ नव्हता. टेबलावर एक मशीन होतं, घरघर करणारं. त्याच्या नळीला छोटी वाटी, वाटीत औषध, वाटीवर मास्क. मास्कमधून पांढरी थंड वाफ यायला लागली तशी मी घाबरून तो ढकलायला लागले. मला धूर वाटला, ओव्याची धुरी वाटली. नर्सने हात धरले, मी मान फिरवली. बाईंनी मागे पाहिलं तर अब्बा खोलीच्या बाहेर, दाराच्या पलीकडे उभे.

"तुम्ही आत या, मास्क धरा. ती तुमचं ऐकेल."

"मह्या अंगाले कापूस हाय," अब्बा म्हणाले. "मी आलो का तिले होते."

"तिकडे नळ आहे. कोपरापर्यंत हात धुवा, तोंड धुवा, ते बनियन काढून टाका आणि या."

ते आले. उघड्या अंगाने, पाणी निथळत, डोक्यावर नर्सने बांधलेला हिरवा रुमाल. स्टुलावर बसून त्यांनी मास्क माझ्या नाकावर धरला, इतका हलका की नर्सने त्यांचा हात दाबून तो नीट बसवला. एक वाटी संपली की बाई छाती ऐकायच्या आणि दुसरी भरायच्या. तिसऱ्या वाटीला शिट्ट्या परत आल्या. अब्बांचा चेहरा पडला, आणि बाई पहिल्यांदा हसल्या. त्यांनी सांगितलं की आता हा आवाज चांगला आहे, वाजू द्या. संध्याकाळी मी पूर्ण वाक्य बोलले. माझे हात थरथर कापत होते आणि ते अब्बांच्या हातात होते.

तेव्हा बाईंनी पंपाबद्दल जे सांगितलं ते मला तोंडपाठ आहे. याची सवय लागते का, असं अब्बांनी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, हे औषध उशिरा मिळालं तर पोरगी जाते. वेळेवर मिळालं तर शाळेत जाते. सवयीचं मग बघू." अब्बांनी मान हलवली. त्या वळल्या आणि थांबल्या. ते बोलत नव्हते तेव्हाही त्यांचा श्वास खोलीत ऐकू येत होता. बाईंनी काही न विचारता त्यांच्या पाठीला नळी लावली. किती वर्षांपासून आहे हे, असं विचारल्यावर अब्बा म्हणाले, "ते आमच्या धंद्याचं हाय, बाई. आमच्या वडलायचंबी असंच होतं." घरात कुणाला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. दुकान सोडा, असंही बाईंनी सांगितलं. ते ऐकल्यासारखं त्यांनी दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून निघताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांचा स्वतःचा पंप होता.

आपाचं लग्न मी पाहिलं नाही. ती दवाखान्यात येऊन माझ्या तळहाताला मेंदी लावून गेली, आणि मला तिथूनच परस्पर अमरावतीला नेलं. नेलं अब्बांनी. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले, नवे कपडे घालून, ते बहुतेक लग्नासाठी शिवलेले. खालाच्या घरी त्यांनी पेटी उघडायला लावली आणि पंप नि बाटली पुढच्या खोलीतल्या कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. खाला माफीचं काही बोलायला लागली तर तिला म्हणाले की जुबेदाआपा, चूक माझी होती, आता ते नको. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर शाळेत आले. वर्गाच्या बाईंची परवानगी घेऊन फळ्यापुढे उभे राहिले, आणि चाळीस मुलींसमोर बाटलीला पंप कसा लावायचा, किती श्वास, मधे किती थांबायचं, शमीमला बोलता येत नसेल तर कुणी द्यायचा, हे सगळं त्यांनी आपल्या वऱ्हाडीत सांगितलं. मला मान वर करवत नव्हती.

"दम लागते त्यात लाजाचं काय हाय," ते म्हणाले. "ज्याले लागते त्यानं सांगा लागते, बस."

नंतरही मुली माझ्याशी फार वेगळं वागल्या असं नाही. खेळाच्या तासाला पिशव्या माझ्याकडेच राहिल्या. मी दहावीपर्यंत अमरावतीलाच राहिले, खालाच्या चटईवर, बातम्या संपल्यावरच्या त्या गप्प घरात. अब्बांनी दुकान सोडलं नाही. मी कॉलेजात असताना ते गेले, छातीच्याच दुखण्याने.

पण त्या दिवशी ते वर्गातून बाहेर पडले आणि मी खिडकीतून त्यांना मैदान ओलांडताना पाहत होते. त्यांना बस गाठायची होती, म्हणून भरभर चालत होते. निम्म्यावर त्यांचा वेग कमी झाला. मग ते थांबले, कुंपणाजवळच्या कडुलिंबाच्या झाडाआड गेले, शाळेकडे पाठ केली, इकडेतिकडे पाहिलं आणि कुणी नाही असं बघून खिशातून पंप काढला. डोकं मागे गेलं, खांदे वर गेले. ओढलेला श्वास दहा आकड्यांपर्यंत आत धरायचा असतो. बाई फळ्यावर गणित मांडत होत्या. मी माझाही श्वास धरला आणि त्यांच्यासाठी दहापर्यंत मोजलं. मग त्यांनी पंप परत खिशात लपवला, तोंड पुसलं आणि फाटकातून निघून गेले. मी पाहिलं होतं, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.